मदत हवी आहे: घरच्या दंतमंजनाचे गोळे होतात, तोंडात फसफसते

खलबत्ता_पुणे३०

पेस्टच्या फेसाने सारखे तोंड येते, म्हणून घरीच दंतमंजन करायचे ठरवले आहे. सामान मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातले. प्रमाण: मुलतानी माती ५० ग्रॅम, खायचा सोडा २०, सैंधव २०, तुरटीची लाही १०, लवंग ५, भीमसेनी कापूर ५, पुदिन्याचे फूल (मेंथॉल) ५. सगळे मिक्सरमधून काढून चहाच्या गाळणीने चाळले.

दोन दिवसांत पूड ओलसर होऊन गोळे झाले. ओल्या ब्रशवर घेतली की फसफसते, दाताखाली कचकच लागते, हिरड्या चुरचुरतात. पावसाळी हवा आहे हे मान्य, पण शेजारच्या बरणीतले बेसन कोरडे ठणठणीत आहे. नक्की काय चुकले? घरात चार वर्षांचे मूल आहे, त्याला हेच चालेल का?

वस्त्रगाळ

पावसाला दोष देऊ नका. कापूर आणि पुदिन्याचे फूल सुटे असताना खडे असतात, एकत्र खलले की त्यांचे पाणी होते. ओव्याचे फूल (थायमॉल) तिसरे घातले की झाली अमृतधारा, ते घरगुती पातळ औषध. तुम्ही नकळत तीच केलीत आणि मातीत मुरवलीत. चुरचुरही या दोघांची आणि लवंगेची. सव्वाशे ग्रॅमच्या आत दहा ग्रॅम म्हणजे फारच झाले.

फसफस तुरटीची. पाण्यात ती आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी; ओल लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. बरणीचे झाकण घट्ट असेल तर आधी सैल करा. सोडा काढून नुसती तुरटी ठेवली तरी रोजच्या मंजनात ती नको. साधारण ५.५ च्या खाली सामू (पीएच) गेला की दाताचे वरचे कवच विरघळू लागते आणि तुरटीचे पाणी त्याच्या बरेच खाली असते. लिंबाचेही तेच.

मुलतानी माती चेहऱ्याला ठीक. तोंडासाठी नको, त्यात वाळूचे कण असतात आणि कधी शिसेही सापडते.

त्याऐवजी असे करा:

औषधी दर्जाचे कॅल्शियम कार्बोनेट ६५ ग्रॅम (रसायनांच्या दुकानात ‘प्रेसिपिटेटेड’ म्हणून मागा), खायचा सोडा १५, बाभळीच्या सालीचे चूर्ण ८, ज्येष्ठमध ६, सैंधव ४, लवंग दीड ग्रॅम, पुदिन्याचे फूल चिमूटभर, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आत. कापूर अजिबात नको.

क्रम महत्त्वाचा. लवंग एकटी कुटली तर तेल सुटून खलाला चिकटते, म्हणून ती कोरड्या सैंधवाबरोबर कुटा. पुदिन्याचे फूल दोन चमचे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खला, ते तेल शोषून घेते. बाभळीची साल आणि ज्येष्ठमध दोन्ही तंतुमय. मिक्सरमधून कितीही फिरवले तरी काड्या राहतात आणि हिरडीत घुसतात. दुपदरी मलमलीतून वस्त्रगाळ करा, कापडावर उरेल ते टाकून द्या, पुन्हा दळत बसू नका. चहाची गाळणी या कामाची नाही.

बरणी काचेची घ्या. लवंगेच्या तेलाने स्वस्त पारदर्शक प्लास्टिक चिरते. ओला ब्रश बरणीत बुडवायचा नाही, कोरड्या चमच्याने तळहातावर घ्यायचे. एकदा पाव चमचा पुरतो.

दाढदुखी_नको

वरचे प्रमाण ठीक आहे, पण एक गोष्ट राहिली. या पुडीने दात स्वच्छ होतील, कीड रोखायला मात्र फ्लोराइड लागते आणि ते यात नाही. पुण्याच्या नळाच्या पाण्यातही वेगळे मिसळत नाहीत. सकाळी मंजन, रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट, असे करता येईल. तोंड येण्याचे कारण बऱ्याचदा सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक असतो. वेष्टनावर त्याचे नाव नसलेल्या पेस्टही मिळतात, आधी ती वापरून बघा.

फ्लोराइडचे गुळण्यांचे औषध पुडीत ओतण्याचा उद्योग कोणी करू नये. कॅल्शियम त्यातले सोडियम फ्लोराइड बांधून ठेवते, दातापर्यंत फारसे काही पोचत नाही. म्हणूनच कॅल्शियम कार्बोनेटच्या पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट घालतात.

मुलाला मंजन नको. या वयात थुंकणे नीट जमत नाही, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. तुमची बरणी आजच वर ठेवा. त्याला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीही मोठ्यांनी लावून द्यायची.

खलबत्ता_पुणे३०

दोघांचेही आभार. कॅल्शियम कार्बोनेटऐवजी शाळेतला खडू किंवा गोवरीची राखुंडी चालेल? आणि पूड पुरेशी बारीक झाली हे ओळखायचे कसे? खोबरेल घालून पेस्ट केली तर?

वस्त्रगाळ

फळ्याचा खडू बऱ्याचदा जिप्समचा असतो. व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले नाहीत तर तो कार्बोनेट नव्हे. आले तरी तो तोंडासाठी केलेला नाही, रंगीत तर नकोच.

राखुंडीत सिलिका असते, गोवरीला अंगणातली माती चिकटलेली असते ती वेगळी. भाताच्या तुसाची राख तर त्याहून वाईट. कीड नसतानाही हिरडीजवळ दाताला आडवी खाच पडते ती अशा घासण्याने, वर जोर लावून आडवा ब्रश मारला की लवकर. मंजन म्हणून मशेरी कोणी सुचवली तर ती भाजलेली तंबाखू आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे.

बारीकपणासाठी जुन्या काचेच्या तुकड्यावर चिमूटभर ओली पूड बोटाने जोरात घासा, धुऊन उजेडात तिरकी धरा. ओरखडे दिसले तर पूड फेका, कारण दाताचे कवच काचेपेक्षा थोडे मऊच असते. ओरखडे नसले म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असेल तर तिथला दात कवचापेक्षा बराच मऊ असतो. तिथे मऊ ब्रश, हलका हात.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. पुण्याच्या डिसेंबरात सकाळी ते बरणीत दगड होते आणि बेसिनच्या नळीतही. पूडच बरी.

खलबत्ता_पुणे३०

समजले. आधीच्या शंभरेक ग्रॅमचे काय करू?

दाढदुखी_नको

बेसिन घासा. कापूर आहे, वासही बरा येईल.