आईबाबांना महाल पायी दाखवताना

नागपुरात पाहुण्या आईवडलांना दीक्षाभूमी, फुटाळा तलाव दाखवून होतो. महाल हा शहराचा जुना भाग राहून जातो. तिथे पायी फिरवताना नेमकं कुठे अडतं, ते पुढे दिलं आहे.

—

सुरुवात गांधीगेटपासून करा. याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. तिथून बडकस चौक साधारण किलोमीटरभर, पण थांबत थांबत दोन तास धरा. हिवाळ्यात सकाळी साडेसातला निघा. दहानंतर दुकानांचा माल नि दुचाक्या फूटपाथवर येतात आणि ज्येष्ठांना गाड्यांच्या रस्त्यातून चालावं लागतं. शहर १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलं, भोसले नंतरचे. हे आधी सांगून ठेवलं की गोंड किल्ला आणि भोसल्यांचा वाडा एवढ्या जवळ कसे, हा प्रश्न पडत नाही.

—

रुक्मिणी मंदिर, कल्याणेश्वर मंदिर सकाळीच पाहा. तिरप्या उन्हात दगडावरची नक्षी उठून दिसते, डोक्यावर ऊन आलं की सपाट वाटते. मार्चपासून अनवाणी पायांना फरशी पोळते, जाड मोजे जवळ असू द्या. वाड्यांमध्ये अजून लोक राहतात. विचारल्याशिवाय वाड्याच्या आतल्या चौकात शिरू नका.

—

गुडघ्यांचा त्रास असेल तर मेट्रोनं चितार ओळी चौक गाठा, लिफ्ट आहे. गणपतीच्या महिनाभर आधी चितार ओळ, म्हणजे मूर्तिकारांची गल्ली, चुकवूच नये. बांबू-तणसाचा सांगाडा, त्यावर मातीचे थर. वाळताना भेगा पडतात त्या पातळ मातीनं बुजवतात, मगच रंग. ओल्या मूर्तीला हात लावू देऊ नका, बोटाचा ठसा राहतो नि मूर्तिकाराला तो भाग पुन्हा सारवावा लागतो.

—

नाश्त्याला तर्री पोहे. तर्री वेगळ्या वाटीत मागा. वरचा तेलाचा लाल तवंग काढून खालचा चण्याचा रस्सा घेतला की म्हाताऱ्या पोटालाही चालतो.

—

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, जाऊ नका. काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडापिडा घालवायला काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते, गर्दीत ऑटो शिरत नाही. मारबतच पाहायची असेल तर ओळखीच्या घराची गॅलरी आधी ठरवा आणि मिरवणूक पुढे सरकेपर्यंत खाली उतरू नका.

—

सीताबर्डी किल्ला त्याच फेरीत जोडू नका. इंग्रज आणि भोसल्यांची १८१७ ची लढाई झालेली ही टेकडी लष्कराच्या ताब्यात आहे, रोज आत सोडत नाहीत. आधी चौकशी करा. चढ आहे, पाण्याची बाटली हवीच.