रिअल-टाइम क्लॉकचं बॅटरी चार्जिंग मुळातच बंद असावं का?

तांबडी_तार

माझं मत आधीच सांगते. रिअल-टाइम क्लॉक म्हणजे वीज गेली तरी छोट्या सेलवर वेळ चालू ठेवणारी घड्याळाची चिप. तिच्यातलं बॅटरी चार्जिंग कारखान्यातून बंदच यायला हवं. होल्डरमध्ये कोणता सेल बसलाय हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ते सुरू करावं.

विषय निघाला रास्पबेरी पाय ५ या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावरून. यात घड्याळ बोर्डावरच आहे, बॅटरीसाठी दोन पिनांचं छोटं कनेक्टर आहे आणि त्याला लावायला एमएल२०२० हा रिचार्जेबल सेल मिळतो. पण नुसता सेल जोडून तो चार्ज होत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये चार्जिंगचं व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये लिहावं लागतं: ३००००००, म्हणजे ३ व्होल्ट. "बॅटरी त्यांचीच, बोर्ड त्यांचाच, मग ही ओळ आम्ही का लिहायची?" असं बरेच जण विचारतात. त्याचं कारण मला अगदी पटतं. त्याच कनेक्टरला उद्या कोणी सीआर२०३२ जोडला तर बोर्डाला ते कळायचा मार्गच नाही. त्याला दिसतं फक्त व्होल्टेज, आणि दोन्ही सेल ३ व्होल्टचेच. सीआर२०३२ मात्र चार्ज करायचा सेल नाही. त्यात करंट ढकलत राहिलं की आत वायू धरतो, सेल फुगतो, गळतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं स्वस्त निळं मॉड्यूल, झेडएस-०४२. त्या चिपमध्ये चार्जर नाहीच. मॉड्यूलवर एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर टाकून बॅटरी थेट सप्लायला जोडली आहे. सर्किट बनवलंय एलआयआर२०३२ या रिचार्जेबल सेलसाठी, पण होल्डरमध्ये सर्रास सीआर२०३२ येतो. ५ व्होल्टवर डायोडचे ०.६ वजा केले की ४.४ उरतात. सेल ३ व्होल्टचा, म्हणजे सुमारे ७ मिलिअँपिअर त्या बिचाऱ्यात सतत जात राहतात. हे कुठल्याही सेटिंगने बंद होत नाही. डायोड किंवा रेझिस्टर काढणं हाच उपाय.

केळीबागेतला

ताई, निळ्या मॉड्यूलबद्दल वादच नाही. पण त्यावरून "मुळात बंद" हा नियम काढणं मला मान्य नाही.

आमच्याकडे जळगाव भागात पंपांवर डेटा लॉगर, म्हणजे वेळेसकट नोंदी ठेवणारी यंत्रं, बसवतो. शेतीपंपाची वीज आठ-दहा तास, तीही पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. इंटरनेटवरून वेळ घ्यावी तर शेतात रेंज नाही. सगळा भरवसा त्या नाण्याएवढ्या सेलवर. बोर्डावर रिचार्जेबल सेल आहे आणि चार्जिंगची ओळ कोणी लिहिलीच नाही, तर काय होतं? सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं, कारण सेल थोडा भरलेला आलेला असतो. मग एका रात्री तो संपतो, वीज आल्यावर घड्याळ १९७० दाखवतं आणि पुढच्या सगळ्या नोंदी कचऱ्यात जातात. कोणाला कळतही नाही. फुगलेला सेल निदान डोळ्यांना दिसतो. चुकलेली वेळ दिसत नाही, आणि त्या नोंदींवर पाण्याचा हिशोब ठरतो.

ज्याने बोर्डावर रिचार्जेबल सेल दिला, त्यानेच चार्जिंग सुरू करून द्यावं. शेतकऱ्याने कॉन्फिग फाइल उघडावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

फर्मवेअर_चौकट

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून जातेय. चार्जिंग "सुरू" किंवा "बंद" हे प्रत्येक चिपमध्ये वेगळ्या ठिकाणी लिहिलेलं असतं.

डीएस१३३९ ही घड्याळ-चिप घ्या. तिच्यात ट्रिकल चार्जरचं, म्हणजे हळूहळू चार्ज करणाऱ्या भागाचं, एक रजिस्टर (सेटिंग लिहायची जागा) आहे. वरचे चार बिट बरोब्बर १०१० असतील तरच चार्जर चालू होतो, बाकी कोणतंही मूल्य म्हणजे बंद. खालच्या बिटांत डायोड हवा की नको आणि २५० ओहम, २ किलोओहम की ४ किलोओहम ते निवडायचं. चुकून काही लिहिलं गेलं तरी चार्जर सुरू होऊ नये, ही काळजी डिझाइन करणाऱ्याने घेतली आहे. तांबडीताईंच्या मताला याहून चांगला पुरावा नाही.

पण पुढचं ऐका. ही नोंद टिकते ती चिपला वीज आहे तोवर. मुख्य सप्लायही गेला आणि सेलही पूर्ण उतरला, तर पुन्हा वीज आल्यावर चार्जर बंद अवस्थेत उठतो. म्हणजे ज्या वेळी चार्जिंगची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच वेळी तो बंद! म्हणून दर बूटला ड्रायव्हरने (चिप हाताळणाऱ्या प्रोग्रामने) ते रजिस्टर पुन्हा लिहायलाच हवं. लिनक्समध्ये त्यासाठी डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, जागा आहे: रेझिस्टर किती ओहमचा ते एका ओळीत, आणि बॅटरी चार्ज करण्याजोगी आहे का, ० की १, ते दुसऱ्या ओळीत.

आरव्ही-३०२८ या चिपमध्ये याच्या उलट. तिथे ही नोंद चिपच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, राहते. मेमरी कार्ड बदला, सिस्टीम नव्याने टाका, मागच्याने चार्जिंग चालू ठेवलं असेल तर ते चालूच. जुना बोर्ड वापरायला घेताना हे तपासाच.

केळीबागेतला

म्हणजे माझंच म्हणणं झालं की. डिव्हाइस ट्री बोर्ड बनवणारा लिहितो, वापरणारा नाही.

तांबडी_तार

नाही दादा, इथेच तर आपलं जमत नाही. सेल बोर्डाला सोल्डर केलेला असेल तर तुमचं शंभर टक्के मान्य. तिथे बनवणाऱ्याला सेल ठाऊक आहे, त्याने ओळ लिहावी. पण होल्डर असेल तर? सीआर२०३२ आणि एलआयआर२०३२ दोन्ही २० मिलिमीटर व्यासाचे, ३.२ जाडीचे. सेल बदलायला तालुक्याच्या दुकानात गेलात की हातात सीआरच पडणार. कारखान्यात लिहिलेली ओळ तेव्हाही चालूच असेल, आणि तो सेल बंद डब्यात ठेवलाय. तुमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात काय तापमान असतं ते तुम्हीच सांगा. एलआयआर जातीचे सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं त्यांच्या माहितीपत्रकातच असतं.

मोजपट्टी

मला प्रश्न पडतो, चार्ज कशाला करायचंय? डीएस३२३१ बॅटरीवर जास्तीत जास्त ३ मायक्रोअँपिअरच्या आसपास खाते. सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. भागाकार केला तर आठ वर्षं निघतात. एलआयआर२०३२ मध्ये असतात जेमतेम ४०. चार्जर काढा, साधा सेल घाला, डब्यावर तारीख लिहा.

फर्मवेअर_चौकट

वेगळी चिप असेल तर मीही तेच सांगेन. पाय ५ ला तो हिशोब लावू नका. त्यातलं घड्याळ स्वतंत्र घड्याळ-चिपांपेक्षा जास्त करंट घेतं, म्हणून साधा लिथियम सेल तिथे फार टिकत नाही. तिथे रिचार्जेबलच हवा आणि ती ओळही हवी.

आणि केळीबागेच्या कामाला सेल हवाच असं नाही. डीएस१३३९ ला ०.२२ फॅरडचा सुपरकॅपॅसिटर (सेलसारखी वीज साठवणारा मोठा कॅपॅसिटर) लावा. ३ व्होल्टपासून १.५ पर्यंत उतरेतो, अर्ध्या मायक्रोअँपिअरवर, कागदावर सात दिवस निघतात. गळती धरून त्याच्या निम्मे समजा. वीज रोज येते ना? २ किलोओहम आणि डायोड निवडला तर ३.३ व्होल्टवर रिकाम्या कॅपॅसिटरला सुरुवातीला १.३ मिलिअँपिअर जातात, पुढे कमी होत जातात. इथे चार्जिंग कायम चालू ठेवायला माझीही हरकत नाही.

केळीबागेतला

सुपरकॅपॅसिटरचं पटलं, नव्या बोर्डांना तोच घेईन. पण होल्डरवाले जुने बोर्ड शेतात आहेत, त्यांत मी चार्जिंग चालूच ठेवणार. ३ व्होल्टचा एमएल सेल घालून होल्डरशेजारी ठळक लिहीन, "फक्त एमएल". मला नोंदी गमवायच्या नाहीत.

तांबडी_तार

मग एक कराच. डबा बंद करण्याआधी सेल काढा, बोर्डाला वीज द्या आणि होल्डरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरा. ३.१ च्या आसपास दिसलं तर एमएल खुशाल घाला. ४.५ दिसलं तर तिथे चार्जिंग वेगळ्या वाटेने येतंय. डायोड शोधून काढा, मगच सेल बसवा.