गाणी ऐकायला स्मार्ट डिस्प्ले घ्यायचाय, तुमच्या घरचे अनुभव लिहा

विश्रामबाग, सांगली (धागा काढणारा)

स्वयंपाकघरातला जुना रेडिओ गेल्या महिन्यात कायमचा गप्प झाला. पोरगी म्हणाली, "बाबा, आता पडदेवाला घेऊ." म्हणजे हा स्मार्ट डिस्प्ले, तोंडी हुकूम ऐकून गाणी लावणारा पडद्याचा स्पीकर. म्हणून दुकानात जाऊन आलो. तिथं जो तो पडद्याचंच सांगतो. साडेपाच इंच, सात इंच, आठ इंच. गाणं कसं वाजतं ते ऐकवा म्हटलं, तर पोरानं ढोलाची क्लिप लावली आणि शेजारी वॉशिंग मशीन फिरत होतं. त्यात काय कळणार, डोंबल!

आमच्याकडे ऐकणारी माणसं तीन. मला नाट्यसंगीत लागतं (सांगलीत राहून दुसरं काय लागणार). बायकोला भावगीतं, तीही फोडणी देता देता. आणि आईला, वय ८१, सकाळी सहाला अभंग. आईला इंग्रजी येत नाही, आणि हिंदी बाजारात भाव करण्यापुरतं. दहा हजारांच्या आत बसवायचंय.

कंपनीचं माहितीपत्रक मी वाचलंय. तुमच्या घरी रोज काय होतं ते सांगा. डबा कुठं ठेवलाय, त्याच्याशी बोलतं कोण, आणि सहा महिन्यांनी त्यावर अजून गाणी लागतात का?

गोडोली, सातारा

आमच्याकडे त्याचं घड्याळ झालंय. महागातलं, पण वेळ बरोबर दाखवतं. मधूनमधून लेकाच्या लग्नाचे फोटो.

मिरज

मी गाणं शिकते आणि सतारमेकर गल्लीपासून पाच मिनिटांवर राहते, तरी रियाजाला तंबोरा हवा म्हणून डिस्प्ले घेतला. लाज वाटते सांगायला. पण पहाटे साडेपाचला तंबोरा जुळवत बसायचं, त्यात पावसाळ्यात तो दर दहा मिनिटांनी उतरणार. म्हटलं, डब्याला सांगितलं की झालं.

माझ्या पट्टीत तो बरा वाजला. बाबा काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गातात, तिथं मात्र गंमत उघडी पडली. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, त्याच्या खालचा खर्ज ६९ चा. आमच्या डब्यातला स्पीकर जेमतेम पावणेदोन इंचाचा. एवढीशी चकती खर्जाला लागते तेवढी हवा हलवूच शकत नाही. तिच्यातून येतात ते खर्जाच्या वरचे स्वर, आणि त्यांच्यावरून कान खालचा सा मनातल्या मनात लावून घेतो. त्यामुळे सूर बरोबर आहे असं वाटतं, पण अंग भरत नाही. खऱ्या तंबोऱ्याची पितळी तार छेडली की भोपळ्यावर ठेवलेल्या हाताला कळतं, ते इथं नाही. बाबा पाच मिनिटं बसले आणि म्हणाले, "मच्छर छान गातोय." गल्लीतल्या तंबोरेवाल्या काकांना सांगितलं तर ते हसले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आणि ही बया डब्यातला तंबोरा ऐकते!

तरी डबा टाकून दिला नाही. ब्लूटूथनं एक जरा मोठा स्पीकर जोडला आणि डबा फक्त हुकूम ऐकायला ठेवला. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो म्हणून लोक घाबरवतात. ऐकून त्यावर गायचं असेल तर त्यानं काही बिघडत नाही. व्हिडिओत ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, एवढंच.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. फुकटातला तंबोरा लावला होता, बाबांचा आलाप नुकताच वर चढत होता, आणि मध्येच पाण्याच्या टाकीची जाहिरात. बाबांनी त्या दिवशी पुढं गायलंच नाही. आता फोनमधलं तंबोऱ्याचं ॲप ब्लूटूथवर वाजवते. म्हणजे खरं तर पडद्याची गरज मला नव्हतीच.

शाहूपुरी, सातारा

भावा, इंच नंतर मोज. घरात पैसे कुठल्या गाण्याच्या ॲपचे भरतोस ते आधी बघ. गूगलचा नेस्ट हब सात इंची, त्याच्यावर यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक सरळ चालतं. ॲमेझॉनच्या इको शोचं घर ॲमेझॉन म्युझिकचं. स्पॉटिफाय आणि जिओसावन दोन्हीकडं जोडता येतं. फुकटच्या खात्यावर बऱ्याचदा मागितलेलं गाणं न लागता त्याच्यासारखं काहीतरी लागतं, हे लक्षात ठेव. तुझं नाट्यसंगीत म्हणजे मोजके गायक आणि जुन्या ध्वनिमुद्रिका. 'त्याच्यासारखं' लागलं की तू डबा फेकून मारशील.

आवाजाचं म्हणशील तर इको शो ८ च्या आधीच्या मॉडेलमध्ये दोन-दोन इंचाचे दोन स्पीकर होते, शो ५ मध्ये एकच आणि बारका. ओट्यावर कुकरच्या शिट्टीपुढं बारक्याचा टिकाव लागायचा नाय.

कऱ्हाड

तुमच्या आईंसारख्याच आमच्या सासूबाई. आम्ही घेतला तेव्हा तो इंग्रजी नाहीतर हिंदी ऐकणारा होता, मराठी नाही. पहिले आठ दिवस घरात नुसता तमाशा. सासूबाई त्याच्याशी देवळातल्या बाईशी बोलावं तसं बोलायच्या, "अगं, लाव की गं जरा तो कालचा." कालचा कुठला, ते तिला कसं कळणार? अभंगाची पहिली ओळ सांगितली की पंजाबी गाणं. एकदा तर हळदीचा भाव सांगितलान.

मग नणंदेच्या मुलानं दोन युक्त्या केल्या. एक म्हणजे गाण्यांच्या याद्या करून त्यांना मराठी नावं न देता सोपी इंग्रजी नावं दिली, 'मॉर्निंग', 'टेम्पल', 'किचन'. सासूबाई 'टेंपल' म्हणतात आणि ते चालतं. दुसरी युक्ती फार कामाची. ॲपमध्ये रूटीन लावलंय, रोज सकाळी सहाला अभंगांची यादी आपोआप सुरू होते, आवाज दहापैकी तीनवर. बोलायचं कामच नाही. सासूबाईंना वाटतं, तिला वेळ कळते. आम्ही काही खुलासा केला नाही.

नाव मराठीत लिहिलेलं गाणं शोधताना मात्र अजून अडतं. तेव्हा मी बोलत बसत नाही, पडद्यावर बोटानं शोधते. पडद्याचा हा खरा उपयोग. नुसत्या गोल स्पीकरवर ते कुठलं?

वाई

आमचा वाडा. भिंती दोन-दोन फुटी, दगडमातीच्या. राउटर बाहेरच्या सोप्यात आणि डबा माजघरात. गाणं सुरू व्हायचं आणि अंतऱ्याला अडकायचं. नवीन डबा आणला, तोही अडकला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जाड भिंतीत लवकर मरतं, २.४ चं जरा आत पोचतं. डबा २.४ वर जोडला आणि राउटर मधल्या चौकाकडं सरकवला, संपलं. जुन्या घरातल्यांनी पैसे खर्चण्याआधी फोन घेऊन त्या जागेवर उभं राहून दोन गाणी पूर्ण ऐकावीत.

कुपवाड

निजायच्या खोलीत ठेवणार असाल तर कॅमेऱ्याचं बघून घ्या. इको शोला कॅमेरा असतो, बऱ्याच मॉडेलना वर सरकवायची झडप असते. नेस्ट हबला कॅमेराच नाही. आम्ही झडपेवाला घेतला, तरी यांनी वर विणलेला रुमाल घातला. यांचा झडपेवर विश्वास नाही.

गावभाग, सांगली

माझं वय ७४, तेव्हा माझं मत जुनं आहे असं समजून वाचा. या डब्यात बॅटरी नसते. लाईट गेली की पडदा काळा. डबा इन्व्हर्टरवर घेतला तरी राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर नुसता उजेड मिळतो, गाणं नाही. मुलानं दोन्ही जोडून दिलेत, तरी केबलवाल्याकडची लाईट गेली की परत तेच.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अकरा माणसं होतो. चार दिवस सेलवरचा ट्रान्झिस्टर बोलत होता, बाकी सगळी यंत्रं मेलेली. तो ट्रान्झिस्टर मी काढणार नाही. डबा नातीसाठी आहे, दुपारी मीही ऐकतो, नाही म्हणत नाही. पडद्यावर गाण्याचे शब्द सरकतात म्हणे. हिंदीचे सरकतात, मराठीचे मला अजून क्वचितच दिसले.

इस्लामपूर

जुना टॅब पडून होता. त्याला स्टँड घेतलं आणि एक चांगला ब्लूटूथ स्पीकर. ओट्यावर तेच. आवाज डिस्प्लेपेक्षा भारी. हाका मारून काम होत नाही, कणकेच्या हातानं टॅबला हात लावावा लागतो, एवढीच कटकट. बायको कोपरानं दाबते.

विश्रामबाग, सांगली (धागा काढणारा)

सगळ्यांचे आभार. कऱ्हाडच्या वहिनींचं सहाचं रूटीन आईला वाचून दाखवलं, तिनं लगेच साडेपाच करायला सांगितलं. मिरजेच्या ताईंचं वाचून मी रविवारी परत दुकानात जाणार आहे. फोनमध्ये एक पुरुषी आवाजाचं जुनं पद घेतलंय, ज्यात ऑर्गनचा खालचा सूर धरलेला आहे. तेच प्रत्येक डब्यावर ब्लूटूथनं लावून ऐकणार. वॉशिंग मशीन बंद करा म्हणून आधीच फोन केलाय, पोरगं हो म्हणालं.

आईचा एक प्रश्न राहिलाय. रात्री तो झाकायचा का?

कऱ्हाड

आमच्या सासूबाई झाकतात. सकाळी उघडताना नमस्कारही करतात.