पहिला कथासंग्रह काढायचा आहे: प्रकाशक ऑनलाइन कसा शोधावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. सहा वर्षांत १३ कथा लिहून झाल्या, त्यातल्या चार दिवाळी अंकांत आल्या. निवेदन प्रमाण मराठीत, पण माणसं बोलतात ती वऱ्हाडीत. आता संग्रह काढायचा आहे. पुण्या-मुंबईत ओळख नाही, त्यामुळे सगळी शोधाशोध फोनवरच.

गुगलवर विचारलं की आधी पॅकेजवाल्यांच्याच, म्हणजे लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापणाऱ्यांच्या, जाहिराती येतात. त्यातल्या एकाकडे संहिता पाठवली. चार दिवसांत होकार! १३ कथा खरंच कुणी वाचल्या असतील का, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मागोमाग कोटेशन आलं: ३०० प्रतींचे ४५,००० रुपये, शिवाय 'आयएसबीएन शुल्क', म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, २,५०० वेगळे.

ते अडीच हजार खटकले म्हणून खणत गेले. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही करता येतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. नव्याने लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

करारनाम्यात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढंच होतं, मुदतीचा पत्ता नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा नेटवर अख्खा वाचायला मिळतो. त्यातलं कलम १९ मी चारदा वाचलं. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. धीर आला, तरी सही केली नाही.

किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं हे माहीत आहे. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं विनामूल्य वाचकांपर्यंत नेतं, तेही पाहिलं. पण माझ्या कथांमधली माणसं ज्या घरांतली आहेत, तिथे पुस्तक हातात धरूनच वाचतील. मला कागदावरचंच हवं आहे.

तर विचारायचं हे, की पैसे न मागता संहिता वाचणारे प्रकाशक ऑनलाइन ओळखायचे कसे? आणि वऱ्हाडी संवाद 'शुद्ध' न करणारा संपादक कुठे मिळेल? हा दुसरा प्रश्न मला जास्त छळतो.

प्रतिसाद १
ताई, प्रकाशकाच्या जाहिरातीवरून नको, पुस्तकावरून प्रकाशकाकडे जा. बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्येक पुस्तकाच्या पानावर प्रकाशकाचं नाव असतं, बऱ्याच पुस्तकांची सुरुवातीची पानंही वाचता येतात. गेल्या चार-पाच वर्षांतले बोलीभाषेतले कथासंग्रह काढा, संवाद कसे छापलेत ते बघा. ज्यांनी बोली जपली आहे, त्यांनाच एक कथा आणि अर्ध्या पानाचा परिचय पाठवा. अख्खी संहिता मागितल्यावरच द्या.

प्रतिसाद २
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहिलीत का? ती पहिल्या पुस्तकासाठीच असते. मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. आणखी एक. तुम्ही युनिकोडमध्ये (फोनवर, नेटवर चालतं ते मराठी टायपिंग) टाइप केलं असेल, पण छपाईची जुळणी बरेचजण अजून श्रीलिपी या वेगळ्या फॉन्ट-प्रणालीत करतात. फॉन्ट बदलताना रफार आणि जोडाक्षरं हलतात, म्हणून अंतिम प्रूफ स्वतः वाचल्याशिवाय छापायला सोडू नका.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. प्रूफाचं लक्षातच आलं नव्हतं. आज रात्री बुकगंगावर बसते. परिचयाच्या अर्ध्या पानात काय लिहावं, कथांबद्दल की स्वतःबद्दल? कुणी आपलं पाठवलेलं पत्र व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) दाखवलं तर फार उपयोग होईल.