केंद्रानं प्रादेशिक अस्मितेला जागा द्यावी की लगाम घालावा?

रंकाळाकाठ:
स्पेनमधल्या कॅटालोनिया प्रांताचं बघा. 1 ऑक्टोबर 2017 ला कोर्टाची मनाई असताना तिथल्या सरकारनं स्वातंत्र्यासाठी मतदान घेतलं, पोलिसांनी लोकांवर लाठ्या चालवल्या, मग माद्रिदच्या केंद्र सरकारनं घटनेचं कलम 155 लावून ते प्रांताचं सरकारच बरखास्त केलं आणि 2019 ला नऊ नेत्यांना 9 ते 13 वर्षं कैद. शेवटी 2021 ला त्याच नऊ जणांना माफी द्यावी लागलीच की. आपल्याकडं तमिळनाडूला भाषेचं राज्य मिळालं, हिंदीची सक्ती मागं घेतली, वेगळ्या देशाची भाषा बंद झाली. दंडुक्यानं माणूस गप्प बसतो, आपला होत नाही.

शिवाजी पेठ:
अर्धंच सांगायलास भावा. द्रमुकनं वेगळ्या देशाची मागणी सोडली 1963 ला, त्याच वर्षी 16 वी घटनादुरुस्ती आली, निवडणूक लढवायची तर देशाच्या अखंडतेची शपथ घ्या म्हणून. म्हणजे आधी रेष आखली, मग बाकीचं दिलं. रेषच नसेल तर आज भाषा, उद्या कर, परवा सरहद्द, केंद्रानं देतच बसायचं काय?

रंकाळाकाठ:
शपथ होती, मान्य. पण 1965 ला हिंदीविरोधात तमिळनाडू पेटला तेव्हा त्या शपथेनं काय विझलं? इंग्रजी चालू राहील हे 1967 ला कायद्यात घातलं तेव्हा लोकांना खात्री वाटली. आणि मिझोराम? मार्च 1966 ला ऐजॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले, आपल्याच लोकांवर, आणि बंड त्यानंतर वीस वर्षं चाललं. थांबलं ते 1986 च्या करारानं, आणि बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले.

शिवाजी पेठ:
करार झाला तो भारताच्या घटनेत राहून, शस्त्रं खाली ठेवून. माझं म्हणणं तेच आहे.

निपाणीकर:
तुम्ही दोघं देणं आणि मारणं एवढंच धरून बसलाय, तिसरी रीत आम्ही भोगतोय, लोंबकळत ठेवायची. 1956 ला आमचा मराठी भाग म्हैसूरला, म्हणजे आताच्या कर्नाटकाला जोडला, 1966 ला या सीमावादावर महाजन आयोग नेमला, त्याचा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, 2004 ला खटला सुप्रीम कोर्टात गेला. केंद्रात सरकारं कितीतरी आली-गेली, एकानंही प्रश्न कायमचा मिटवायची हिंमत केली नाही, कारण दोन्ही राज्यांतली मतं पाहिजेत. आम्ही फुटून जायचं म्हणत नाही, देशातच दुसऱ्या राज्यात यायचं म्हणतोय, तरी ही गत. आज्याचा प्रश्न नातवाला वारसात मिळतोय.

शिवाजी पेठ:
दादा, तुमच्या बाबतीत केंद्र चुकलंच, कोल्हापुरात कोण नाही म्हणणार. पण त्यावरून सगळीकडं झुकावं असं होत नाही.

निपाणीकर:
झुका कोण म्हणतंय? उत्तर द्या म्हणतोय. कॅटालोनियातसुद्धा भडका 2017 ला नाही उडाला, 2006 ला लोकांनी मत देऊन मंजूर केलेल्या स्वायत्ततेच्या कायद्यातली कलमं चार वर्षांनी 2010 ला कोर्टानं रद्द केली, तिथनं उडाला. कॅनडानं आपल्या क्विबेक प्रांताला फुटायचं की नाही यावर 1980 आणि 1995 ला दोनदा मत देऊ दिलं, दुसऱ्यांदा फुटायची बाजू 49.42 टक्क्यांवर गेली, तरी देश एक राहिला.