शिक्षा ठरते ती गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्याने

बऱ्याच वर्षांपूर्वी लहान मुलीवर अत्याचार केलेल्या एका काकाबद्दल कुणीतरी लिहिलंय, ‘पॉक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात) नातेवाइकाला किमान वीस वर्षं आहेत, मग त्या काकालाही तेवढीच द्या.’ राग शंभर टक्के पटतो, पण कोर्टाला ते करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २०(१) नुसार गुन्हा घडला त्या वेळी जेवढी शिक्षा होती, त्याहून जास्त देता येत नाही. पॉक्सो लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला, आणि नातेवाइकाने केलेल्या बलात्कारासारख्या अत्याचाराला किमान वीस वर्षं आली २०१९ च्या दुरुस्तीने.

इथे इंदूरला मी एका मैत्रिणीसोबत वकीलबाईंकडे गेले होते. १९९६ मध्ये ती नऊ वर्षांची होती. घरातलाच माणूस अंगाला नको तिथे हात लावायचा. बाई म्हणाल्या, भारतीय दंड संहितेचं तेव्हाचं विनयभंगाचं कलम ३५४, कमाल शिक्षा दोन वर्षं, म्हणून तक्रारीची मुदतही तीनच वर्षं. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला असतो (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४७३, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१९), पण तसं सहसा कोर्टाकडे मागावं लागतं. बलात्काराला मात्र मुदत नाही, आणि पीडिता बारा वर्षांखालची असेल तर १९८३ च्या दुरुस्तीपासून साधारणपणे किमान दहा वर्षं होती. मुलग्यांसाठी तेव्हा बलात्काराचं कलमच नव्हतं, ‘अनैसर्गिक संभोगा’च्या कलम ३७७ वरच भागवावं लागे.

परतताना मैत्रीण एवढंच म्हणाली, ‘दोन वर्षं तर दोन वर्षं, पण त्याचं नाव कागदावर येऊ दे.’