जावा आणि जावास्क्रिप्ट: नाव सारखं, घराणं वेगळं

'जावा आधी शिकल्याशिवाय जावास्क्रिप्ट जमणार नाही का?' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे: या दोन वेगळ्या प्रोग्रामिंग भाषा आहेत, जावा न शिकताही जावास्क्रिप्ट जमते. का, ते सांगतो.

हा गोंधळ नावामुळे झालाय. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या ब्रेंडन आइकनं ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली. आधी तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं. त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीच्या जावाचा गाजावाजा होता, म्हणून डिसेंबरात 'जावास्क्रिप्ट' हे नाव आलं. कंस आणि अर्धविराम सारखे दिसतात खरे, पण ते दोघींनीही सी भाषेच्या वळणातून उचललेत.

खरा फरक चुका करताना कळतो. दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेल्या "5" मधून 3 वजा करून बघा. जावास्क्रिप्ट मुकाट्यानं त्या मजकुराचा आकडा करून २ देते. जावाचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चालण्याआधी तपासून भाषांतरित करणारं साधन) तिथेच अडवतो आणि प्रोग्राम चालूच देत नाही. नवशिक्याला हे अडवणं जाचक वाटतं, पण कुठल्या ओळीत काय बिघडलं ते लगेच समजतं. जावास्क्रिप्टमध्ये तीच चूक पुढे कुठेतरी भलत्याच आकड्याच्या रूपात उगवते आणि मग शोधत बसावं लागतं.

तरीही तुम्हाला वेबपेज बनवायचंय, तर थेट जावास्क्रिप्टच घ्या. ब्राउझर उघडला, त्यातल्या कन्सोलमध्ये (कोड टाइप करून बघायच्या खिडकीत) ओळ लिहिली की उत्तर समोर, वेगळं काही बसवायला नको. फक्त बरोबरी तपासताना दोनऐवजी तीन बरोबर-चिन्हं (===) वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, म्हणजे तुलना करताना मजकुराचा असा मुकाट्यानं आकडा होणार नाही.